सर्व्हर स्क्रिप्टमधील एरर कळवण्याची पद्धत

पीएचपी, पर्ल, पायथन अशा भाषांतली स्क्रिप्ट सर्व्हरवर चालताना मध्येच बिघडली, तर ते वेब सर्व्हरला कळवण्याची रीत. सांगायच्या गोष्टी दोन असतात. काम फसले, हे स्टेटस कोडमधून, म्हणजे उत्तरासोबतच्या तीन अंकी आकड्यातून, ब्राउझरपर्यंत जाते. का फसले, ते एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या बिघाडांच्या नोंदवहीत, फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी. बहुतेक घोटाळे या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतात.

वेब सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांना जोडणाऱ्या सीजीआय या जुन्या पद्धतीत (१.१ आवृत्ती, आरएफसी ३८७५ हा दस्तऐवज, २००४) स्क्रिप्ट आधी हेडर, म्हणजे उत्तराबद्दलची माहिती देणाऱ्या ओळी, छापते. त्यात ‘स्टेटस’ची ओळ नसली, तर सर्व्हर २००, म्हणजे ‘सगळे ठीक’, असे धरून चालतो. हेडर पुरे होण्याआधीच स्क्रिप्ट मेली, तर अपाची हा वेब सर्व्हर स्वतःहून ५००, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये बिघाड’, असा कोड देतो. जुन्या अपाचीच्या लॉगमध्ये तेव्हा ‘प्रिमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स’ अशी ओळ पडे. वाचणाऱ्याला त्यातून फारसा बोध होत नसे, ही गोष्ट वेगळी.

पीएचपीने हा गोंधळ बराच काळ पोसला. एरर पानावर दाखवणारे ‘डिस्प्ले एरर्स’ हे सेटिंग चालू असले, की अर्ध्या तक्त्याखाली ‘फेटल एरर’ (स्क्रिप्ट थांबवणारी चूक), फाइलचा पूर्ण पत्ता आणि ओळ क्रमांक थेट पानावर उमटतो. कोड मात्र बहुधा २००च. माणसाला बिघाड दिसतो. कॅशे (पानांची प्रत साठवणारी यंत्रणा), सर्च इंजिन आणि देखरेखीची यंत्रणा यांना पान धडधाकट वाटते. शिवाय फाइलचा पत्ता आयता हल्लेखोराच्या हाती. पीएचपी ५.२.४ (२००७) पासून हे सेटिंग बंद असेल आणि हेडर गेलेले नसतील, तर फेटल एररवर ५०० जातो. चालत्या साइटवर ते बंद आणि लॉग चालू, हेच योग्य.

खरी अडचण ‘हेडर गेलेले नसतील’ या अटीत आहे. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी राहिलेली एक रिकामी ओळसुद्धा बाहेर पडते, आणि बफरिंग (उत्तर पाठवण्याआधी साठवून ठेवणे) नसेल तर तिच्यापाठोपाठ हेडरही सुटतात. मग कोड बदलता येत नाही. म्हणून उत्तर आधी बफरमध्ये साठवतात. मोठी फाइल पाठवताना ते परवडत नाही. वेब सर्व्हर आणि पायथन प्रोग्राम यांना जोडणाऱ्या डब्ल्यूएसजीआय मानकात (२००३) यासाठी सोय आहे: एरर कळवताना हेडर आधीच गेलेले असतील, तर मूळ एक्सेप्शन (बिघाडाची सूचना) पुन्हा सर्व्हरकडे फेकले जाते. सर्व्हरने मग जोडणी तोडावी. तुकड्यातुकड्यांनी जाणाऱ्या उत्तरात शेवटचा शून्य लांबीचा तुकडा आला नाही, की उत्तर अपुरे आहे हे ब्राउझरला ओळखता येते.

पीएचपी स्क्रिप्ट वेब सर्व्हरपासून वेगळ्या चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमची प्रक्रियाच कोसळली, तर स्क्रिप्ट काही सांगायला उरतच नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तेव्हा ५०२ (‘मागून नीट उत्तर आले नाही’) देतो, प्रक्रिया ताटकळत राहिली तर ५०४ (‘उत्तर वेळेत आले नाही’).