शीआनचं शान्शी इतिहास संग्रहालय : परदेशी पासपोर्टवर आरक्षण कसं करावं, काय कागद लागतात

शीआनमधल्या शान्शी इतिहास संग्रहालयाचं मुख्य दालन २००८ पासून मोफत आहे. पैसे लागत नाहीत, पण आगाऊ आरक्षण लागतं. ते प्रत्येकाच्या नावानिशी आणि पासपोर्ट क्रमांकासह करावं लागतं. दारात गेल्यावर तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. तेरा राजवंशांच्या या राजधानीत चीनभरातून लोक येतात आणि मोफत जागा काही मिनिटांत संपतात.

आधी पात्रता. चिनी नागरिक आपल्या ओळखपत्रावर आरक्षण करतात, परदेशी पाहुणे पासपोर्टवर. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे हे संग्रहालय पाहत नाही, पण देशात येण्यासाठी तो लागतोच. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी 'एल' प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो. २४० तासांच्या व्हिसामुक्त थांब्याच्या यादीत भारत नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना मात्र तिसऱ्या देशात जाताना ही सवलत शीआनमध्ये मिळते. आरक्षणात तोच परदेशी पासपोर्ट टाकायचा. ओसीआय कार्ड तिथे ओळखपत्र म्हणून चालत नाही.

आरक्षण वीचॅट या चिनी ॲपमधल्या संग्रहालयाच्या तिकीट मिनी-प्रोग्रॅमवर (ॲपच्या आतलं छोटं ॲप) होतं. भेटीच्या पाच दिवस आधी, चिनी वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजता त्या दिवसाच्या जागा उघडतात. म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. स्क्रीनवर 'यूयुए' म्हणजे आरक्षण. तारीख आणि वेळेचा टप्पा निवडला की ओळखपत्राचा प्रकार विचारला जातो. तिथे आधीपासून चिनी ओळखपत्र निवडलेलं असतं, ते बदलून 'हूझाओ', म्हणजे पासपोर्ट, निवडा. हे राहून गेलं तर क्रमांक चुकीचा म्हणून फॉर्म परत येतो आणि नेमकी तीच मिनिटं महत्त्वाची असतात. म्हणून शक्य असेल तर सगळ्यांची नावं आणि क्रमांक आदल्या दिवशीच 'वारंवार येणारे पाहुणे' या यादीत भरून ठेवा.

भारतातून निघणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. जून २०२० पासून वीचॅटवर भारतात बंदी आहे आणि त्याच वर्षी अलीपे या पैसे भरण्याच्या चिनी ॲपवरही आली. चीनमध्ये उतरलं की ॲप मिळेल असंही नाही, कारण ॲप स्टोअर फोन कुठे आहे यावर नव्हे, खातं कोणत्या देशाचं आहे यावर चालतं, आणि गूगलचं स्टोअर तिथल्या नेटवर्कवर उघडत नाही. त्यामुळे सरळ मार्ग दोनच. दुबई, सिंगापूर, लंडनसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आणि वीचॅट वापरणाऱ्या नातेवाइकाला तुमच्या तपशिलांवर आरक्षण करायला सांगा, किंवा शीआनच्या हॉटेलला पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो पाठवून त्यांच्याकडून करून घ्या. प्रवासाचा आराखडा करताना शीआन सहलीच्या उत्तरार्धात ठेवलं तर फार बरं पडतं. बीजिंगच्या हॉटेलात असतानाच पाच दिवसांची खिडकी उघडते आणि बोलायला काउंटरवर माणूस असतो.

नाव भरताना मराठी माणसाची हमखास गडबड होते. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात असतं. काहींचा आडनावाचा रकाना रिकामाच असतो. व्हिसावर, विमानाच्या तिकिटावर आणि आरक्षणात तीन वेगळ्या पद्धतीने नाव लिहू नका. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत जसं आहे तसं मोठ्या रोमन अक्षरांत लिहा : आधी आडनाव, मग बाकीचं, मधले बाणाचे चिन्ह वगळून. क्रमांकाची सुरुवात अक्षराने होते, तिथे 'ओ' अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल होऊ देऊ नका. आरक्षणानंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर जुन्या क्रमांकाचं आरक्षण रद्द करून पुन्हा करा. लहान मुलांचंही नाव त्यांच्या पासपोर्टवर नोंदवा.

योग्य संग्रहालय निवडलंय ना, हे दोनदा तपासा. मुख्य इमारत यानता जिल्ह्यात श्याओझाई पूर्व रस्त्यावर ९१ क्रमांकाला आहे. याच संग्रहालयाची छिन-हान शाखा १८ मे २०२४ ला उघडली. ती वेई नदीपलीकडे, शहराबाहेर आहे आणि तिचं आरक्षण वेगळं करावं लागतं. रोमन लिपीत एका 'ए'चा फरक असलेल्या शेजारच्या शान्शी प्रांताचं संग्रहालय तर थाययुआन शहरात आहे. मातीच्या सैनिकांचं संग्रहालय लिनथोंगला, त्याचंही तिकीट निराळं.

मोफत जागा हुकली तर सशुल्क दालनांकडे वळा. थांग राजवंशाच्या काळातल्या वस्तूंच्या 'दा थांग' दालनाचं तिकीट ३० युआन आहे आणि ते खरोखर घ्यावं. १९७० मध्ये शीआनच्या दक्षिणेला हच्यात्सुन गावी दोन मातीच्या आणि एका चांदीच्या भांड्यात हजाराहून जास्त वस्तू सापडल्या, त्यातल्या निवडक इथे आहेत. प्राण्याच्या डोक्याच्या आकाराचा लालसर पट्ट्यांचा अकीकाचा प्याला सावकाश पाहा. तोंडाशी सोन्याची बुचासारखी टोपी आहे, ती काढली की मद्य तिथून वाहतं. हा प्याला देशाबाहेर प्रदर्शनाला पाठवायलाच चीनने मनाई केली आहे, म्हणजे तो पाहायला इथेच यावं लागतं. थांगकालीन थडग्यांतल्या भित्तिचित्रांच्या दालनाला २७० युआन पडतात आणि जागा कमी असतात. परदेशी कार्ड वीचॅट पेला जोडलेलं असेल तर २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागतं.

बाहेर 'आत्ता आत सोडतो' म्हणणारे दलाल असतात, त्यांना 'ह्वांगन्यू' म्हणतात. नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर दारातच अडवतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

भेटीच्या दिवशी मूळ पासपोर्ट हातात हवा. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. स्वयंचलित फाटकं चिनी ओळखपत्रासाठी असतात, त्यामुळे 'रनगोंग' म्हणजे कर्मचारी असलेल्या रांगेत उभं राहा. काडेपेटी, लायटर, चाकू आत नेऊ देत नाहीत. फ्लॅश आणि ट्रायपॉड बंद. ठरलेला टप्पा चुकला तर आरक्षण जातं. जायचं रद्द झालं तर आधी रद्द करा. वारंवार गैरहजर राहिलं तर खात्यावर निर्बंध येतो.

मेट्रोची श्याओझाई (२ आणि ३ नंबर) आणि दायानता (३ आणि ४ नंबर) ही जवळची स्थानकं. दायानता उतरलात तर ह्युएनत्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला पॅगोडा जवळच आहे. आपल्या महाराष्ट्राचं आणि पुलकेशीचं वर्णन याच यात्रेकरूने लिहून ठेवलं, त्यामुळे मराठी माणसाने तो चुकवू नये.

संग्रहालय सोमवारी बंद असतं, सरकारी सुट्टी आली तरच उघडं. १ मेच्या आणि १ ते ७ ऑक्टोबरच्या सुट्ट्यांत जागा मिळणं फार अवघड, आणि आपली उन्हाळी सुट्टी नेमकी पहिलीशी जुळते. तुमचा सोमवारच मोकळा असेल तर शहरातल्या दुसऱ्या, छोट्या पॅगोडाशेजारचं शीआन संग्रहालय बघा. त्याची सुट्टी मंगळवारी असते, आरक्षण मात्र तिथेही आधी करून ठेवा.