रक्षणकर्त्या ज्युपिटरच्या नाण्यात किती चांदी?

प्राचीन रोमन नाणी विकणारे हल्ली क्ष-किरण चाचणीचा दाखला देतात. यंत्राने टक्केवारी दिली की ग्राहक निश्चिंत होतो. पण हे यंत्र फक्त नाण्याची कातडी वाचतं, आणि खरी गोम कातडीखालीच आहे.

सम्राट नीरोचा एक दिनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, पाहा. एका बाजूला नीरोचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला रोमन देव ज्युपिटर. एका हातात वज्र, दुसऱ्यात राजदंड, शेजारी अक्षरं ‘युप्पिटर कुस्टोस’, म्हणजे रक्षणकर्ता ज्युपिटर. इ.स. 64 च्या जुलैत रोम जळलं, वेस्टादेवीचं देऊळही त्यात गेलं. नंतरच्या काही दिनारियसवर तेही देऊळ कोरलेलं दिसतं. याच सुमारास टांकसाळीत एका रोमन पौंड वजनाच्या धातूतून 84 ऐवजी 96 नाणी पाडायला सुरुवात झाली आणि जवळजवळ शुद्ध असलेली चांदी साधारण 80 टक्क्यांवर उतरली. बाकीचं हीण, म्हणजे तांबं.

तरीही नाणं पांढरंशुभ्र कसं? मला यातला सगळ्यात विलक्षण भाग हाच वाटतो. चांदी-तांब्याचा रस थंड होताना दोन्ही धातू एकजीव राहत नाहीत. आधी चांदीचे फांद्याफांद्यांचे स्फटिक वाढतात. उरलेला रस (72 टक्के चांदी, 28 टक्के तांबं) 779 अंश सेल्सिअसला त्यांच्या फटींत गोठतो. त्यामुळे बहुतेक तांबं या फटींत सापडतं. नाण्यासाठी केलेली ही चकती हवेत तापवली की पृष्ठभागालगतच्या तांब्याचा ऑक्साइड होतो. चांदीचा होत नाही, कारण सिल्व्हर ऑक्साइड एवढ्या उष्णतेत टिकतच नाही. मग चकती सौम्य आम्लात टाकायची. ऑक्साइड विरघळून जातो, चांदीची जाळी जागेवर राहते आणि ठशाचा घाव बसला की दबून चकाकते. याला मुलामा म्हणता येणार नाही. वरून काहीच चढवलेलं नाही, आतलं तांबं तेवढं काढून घेतलंय.

क्ष-किरण या थरातच अडकतात. खालच्या तांब्याकडून परतणारे किरण तर चांदीतच शोषले जातात, म्हणून कस जास्त दिसतो. केव्हिन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी नाण्यांच्या कडेला बारीक भोक पाडून गाभ्यातला चुरा तपासला, तेव्हा पूर्वीचे नव्वदीवरचे आकडे खाली आले.

देवाचं चित्र आहे म्हणून जुन्या नाण्यात दैवी शक्ती असते, असं सांगून लुबाडणारे आपल्याकडे आहेत. ‘राइस पुलर’च्या नावाने लोकांचे लाखो रुपये बुडाले आहेत. तांदूळ खेचणारं असं कोणतंही नाणं नाही. अशा माणसाला पैसे देऊ नका, सरळ पोलिसांत जा.

दक्षिण भारतात सापडलेल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस या नीरोआधीच्या सम्राटांचे दिनारियस भरपूर आहेत. टायबेरियसच्या नाण्यावर हातात राजदंड घेऊन बसलेली एक स्त्री आहे आणि भोवती सम्राटाची ‘मुख्य धर्मगुरू’ ही पदवी. इ.स. 64 नंतरचे दिनारियस मात्र इथे फारच थोडे मिळतात. मला वाटतं, इथल्या व्यापाऱ्यांना घटलेला कस कळला होता आणि त्यांनी जुनंच नाणं मागून घेतलं.