सानेयेव, व्हिक्टर

(३ ऑक्टोबर १९४५ – ३ जानेवारी २०२२). तिहेरी उडीत सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके (१९६८, १९७२, १९७६) आणि १९८० मध्ये रौप्यपदक मिळवणारा सोव्हिएत संघाचा खेळाडू. या प्रकारात तीन सुवर्णपदके आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेली नाहीत. जन्म जॉर्जियात, काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी येथे. सुरुवातीला तो उंच उडी मारत असे. पुढे प्रशिक्षक आकोप केर्सेल्यान यांच्या हाताखाली तिहेरी उडीकडे वळला.

त्याचे मोठेपण कळण्यासाठी या उडीची अडचण आधी समजून घ्यावी लागते. लंगडी, ढांग आणि उडी असे तिचे तीन टप्पे. फळीवर ज्या पायाने उसळी घेतली त्याच पायावर पुन्हा उतरायचे, तिथून ढांग टाकून दुसऱ्या पायावर यायचे आणि त्या पायाने वाळूत झेपावायचे. धावत आणलेला वेग पाय टेकताना दर वेळी थोडा घटतो. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिली लंगडी फार उंच घेणे. मग उतरताना शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक भार एकाच पायावर येतो, गुडघा खचतो, ढांग आखूड पडते आणि शेवटच्या उडीसाठी वेगच उरत नाही. एकूण अंतरात ढांगेचा वाटा साधारण तीस टक्के, म्हणजे सर्वांत कमी. तरी उडी बिघडते ती बहुधा तिथेच.

मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये १६ आणि १७ ऑक्टोबर १९६८ या दोन दिवसांत विश्वविक्रम पाच वेळा मोडला. पोलंडच्या युझेफ श्मिटचा १७.०३ मीटरचा विक्रम इटलीच्या जुझेप्पे जेंतिलेने पात्रता फेरीत १७.१० मीटरवर नेला आणि अंतिम फेरीत १७.२२ मीटरवर. सानेयेवने तिसऱ्या प्रयत्नात १७.२३ मीटर उडी मारली; पाचव्या फेरीत ब्राझीलचा नेल्सन प्रुडेन्सिओ १७.२७ मीटरवर पोहोचला. सानेयेवच्या हाती एकच उडी उरली होती. ती १७.३९ मीटर भरली. भारताचा राष्ट्रीय विक्रम प्रवीण चित्रवेलने २०२३ मध्ये हवानात केला तो १७.३७ मीटरचा, त्यावरून या उडीचा पल्ला लक्षात येतो.

सुमारे २,२४० मीटर उंचीवरची विरळ हवा आणि नियमात बसणारा कमाल, म्हणजे सेकंदाला २ मीटर वेगाचा, पाठीमागचा वारा यांची मदत त्या विक्रमाला होती. म्हणून सुखुमीतली १७.४४ मीटरची उडी अधिक मोलाची मानली पाहिजे. क्यूबाच्या पेद्रो पेरेझने १९७१ मध्ये १७.४० मीटर उडी मारून विक्रम हिरावला होता. सानेयेवने तो १७ ऑक्टोबर १९७२ रोजी, मेक्सिकोतील अंतिम फेरीनंतर बरोबर चार वर्षांनी, परत मिळवला; तोही समुद्रसपाटीवर, समोरून येणाऱ्या हलक्या वाऱ्यात.

१९७१ च्या युरोपीय स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या यॉर्ग ड्रेमेलने त्याला हरवले होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सानेयेवने १७.३५ मीटर उडी मारून त्याला चार सेंटीमीटरने मागे टाकले. १९७६ चे माँट्रिऑलचे सुवर्ण १७.२९ मीटरवर मिळाले.

१९८० मध्ये मॉस्कोत उद्घाटनाच्या दिवशी ऑलिंपिक ज्योत स्टेडियममध्ये त्यानेच आणली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. सुवर्ण सोव्हिएत संघाच्याच याक उडमायेने १७.३५ मीटरवर नेले. सानेयेवने अखेरच्या प्रयत्नात १७.२४ मीटर उडी मारली आणि ब्राझीलच्या विश्वविक्रमवीर जुआंव कार्लोस दे ओलिव्हेराला दोन सेंटीमीटरने मागे सारून रौप्यपदक घेतले. पुढे तो ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. सिडनी येथे त्याचे निधन झाले.