पासपोर्टात चूक, सोबत जन्मदाखला: चालतं का?

‘पासपोर्टवर जन्मतारीख चुकली असली तरी जन्मदाखला सोबत ठेवा, विमानतळावर चालून जातं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, मूळ पुरावा तर तोच ना! पण परदेशी जाताना यंत्र वाचतं ते पासपोर्टच्या माहितीपानावरच्या तळाच्या दोन ओळी, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. व्हिसावरची माहिती, तिकिटावरचं नाव पासपोर्टशीच ताडून पाहतात.

स्वतः बघा. दुसऱ्या ओळीतली १४ ते १९ ही चिन्हं म्हणजे जन्मतारीख. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ७४०८१२ म्हणजे १२ ऑगस्ट १९७४. त्यापुढचा २ हा पडताळणीचा अंक, याच सहा आकड्यांवरून गणित करून काढलेला. पेनाने खाडाखोड तर नकोच, त्याने पासपोर्टच बाद ठरू शकतो. चूक सुधारलेला नवा पासपोर्ट हातात आला की मगच व्हिसा आणि तिकीट.