परिचर्येतील सर्वसाधारण पदव्युत्तर पदवी

परिचर्या (नर्सिंग) विषयातील अशी पदव्युत्तर पदवी, की जिच्यात बालरोग, मनोविकार, हृदयरोग यांसारख्या एका शाखेतील विशेषज्ञता न देता प्रगत रुग्णपरिचर्या, संशोधन, अध्यापन, व्यवस्थापन आणि सेवेचा दर्जा यांचे एकत्रित शिक्षण दिले जाते. या स्वरूपाची स्वतंत्र पदवी प्रामुख्याने अमेरिकेत रूढ आहे. भारतात त्या नावाची पदवी नाही. येथील एम.एस्सी. नर्सिंग कागदोपत्री विशेषज्ञतेची आहे. मात्र तिच्या तासांची वाटणी आणि ती घेतलेल्यांच्या नेमणुका पाहता तिचा बराच भाग सर्वसाधारणच ठरतो. प्रस्तुत नोंदीत स्थानिक बाबींसाठी वडोदरा (बडोदे) शहराचा आधार घेतला आहे.

उगम : या पदवीचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तो १८९९ पर्यंत मागे नेते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात इझाबेल हॅम्पटन रॉब यांच्या पुढाकाराने प्रशिक्षित परिचारिकांसाठी ‘रुग्णालय अर्थव्यवस्था’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९०७ मध्ये अ‍ॅडलेड नटिंग तेथे प्राध्यापक झाल्या; परिचर्येच्या त्या जगातील पहिल्या प्राध्यापक मानल्या जातात. या शिक्षणाचा रोख मेट्रन आणि शिक्षिका घडवण्यावर होता. एका रोगशाखेचे प्रावीण्य त्यात अपेक्षित नव्हते, म्हणून तेच सर्वसाधारण पदव्युत्तर शिक्षणाचे मूळ, असा हा युक्तिवाद आहे.

दुसऱ्या मतानुसार विशेषज्ञता अस्तित्वात येईपर्यंत ‘सर्वसाधारण’ या विशेषणाला अर्थच नव्हता. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी रटगर्स विद्यापीठात १९५४ च्या सुमारास मनोविकार परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचे (रुग्णतपासणी व उपचारांची वाढीव जबाबदारी घेणाऱ्या परिचारिकेचे) शिक्षण सुरू केले. त्यानंतर अमेरिकेत पदव्युत्तर पदवी म्हणजे विशेषज्ञता हे समीकरण पक्के झाले. तेथील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००३-०४ च्या सुमारास दोन गोष्टी पुढे आणल्या : प्रगत रुग्णसेवेचे शिक्षण डॉक्टरेट पातळीवर न्यावे, आणि वॉर्डातील रुग्णसमूहाची एकत्रित जबाबदारी घेणारी ‘क्लिनिकल नर्स लीडर’ ही पदव्युत्तर भूमिका निर्माण करावी. या भूमिकेचे वर्णनच ‘प्रगत सर्वसाधारण’ असे केले गेले. जाणीवपूर्वक आखलेली सर्वसाधारण पदवी येथून सुरू होते, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कोलंबियाचा अभ्यासक्रम हा तिचा पूर्वज म्हणता येईल, आरंभ नव्हे. संघटनेने २०११ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाची आवश्यक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत मात्र पदव्यांऐवजी प्रवेशपातळी व प्रगतपातळी अशा क्षमतांच्या दोन पातळ्या मानल्या आहेत, त्यामुळे ‘सर्वसाधारण पदव्युत्तर’ हा वर्ग तेथेही आता पूर्वीइतका रेखीव राहिलेला नाही.

याच नावाखाली एक निराळा प्रकारही येतो. अन्य विषयातील पदवीधरांना थेट परिचर्येत आणून पदव्युत्तर पदवी देणारे ‘थेट-प्रवेश’ अभ्यासक्रम अमेरिकेत आहेत. येल विद्यापीठाचा १९७४ मधील तीन वर्षांचा अभ्यासक्रम यांपैकी बहुधा आरंभीचा. हे दोन प्रकार एक समजल्यामुळे लेखनात पुष्कळ घोटाळा होतो.

भारतातील स्वरूप : परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर अशा दोन्ही ठिकाणी सुरू झाला, त्यामुळे यांपैकी पहिला कोणता या वादात फारसे तथ्य नाही. पदव्युत्तर शिक्षणाचा प्रारंभ १९५९ मध्ये दिल्लीच्या नर्सिंग महाविद्यालयात (नंतरचे राजकुमारी अमृत कौर महाविद्यालय) झाला. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. (पदविकाधारक परिचारिकांसाठीची पदवी) नर्सिंगमध्ये किमान ५५ टक्के गुण, राज्य परिषदेकडील नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव या प्रवेशाच्या मुख्य अटी होत.

प्रवेशाच्या वेळीच वैद्यक-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य किंवा समुदाय आरोग्य यांपैकी एक शाखा निवडावी लागते. तथापि दीर्घकाळ चालत आलेल्या आराखड्यात दोन वर्षांच्या ३,४०० तासांपैकी शाखेचे तास १,९०० आहेत : पहिल्या वर्षी ८००, दुसऱ्या वर्षी १,१००. उरलेले १,५०० तास पाचही शाखांना समान असलेल्या विषयांचे. त्यांत परिचर्या शिक्षणाला ३००, प्रगत परिचर्येला ३५०, संशोधन व संख्याशास्त्राला २५०, व्यवस्थापनाला ३०० आणि प्रबंधाला ३०० तास आहेत. म्हणजे शाखेची म्हणून ओळखली जाणारी ही पदवी जवळजवळ ४४ टक्के सामायिक आहे.

पदवीनंतरचे चित्रही याला दुजोरा देते. सहायक प्राध्यापक व त्यापुढील पदांसाठी एम.एस्सी. आवश्यक असते, तर बहुतेक रुग्णालयांत शाखेनुसार विशेषज्ञ परिचारिकेचे वेगळे पदच नसते. त्यामुळे बालआरोग्यात एम.एस्सी. झालेली व्यक्ती कॉलेजात ट्यूटर होऊन पायाभूत परिचर्या शिकवताना सर्रास दिसते. क्रिटिकल केअरमधील (अतिदक्षता सेवेतील) नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याचा, अभ्यासक्रम परिषदेने अलीकडे आणला, तो ही उणीव भरण्यासाठी. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

वडोदरा : शहराचे मुख्य सरकारी रुग्णालय १८८६ मध्ये काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालय म्हणून तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत स्थापन झाले, आज ते सर सयाजीराव जनरल रुग्णालय, म्हणजे बोलण्यात ‘एस.एस.जी.’. बडोदे वैद्यकीय महाविद्यालय १९४९ चे. शहरात शासकीय नर्सिंग कॉलेज आहे. खाजगी क्षेत्रातील मोठी संकुले वाघोडिया रस्त्याच्या बाजूला वाढली. पिपरिया येथील सुमनदीप विद्यापीठ हे त्यांतील एक.

दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या मराठी वस्त्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना घरी मराठी, वॉर्डात गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरावे लागते. प्रबंधात याचा थेट संबंध येतो. प्रश्नावली इंग्रजीत तयार करायची, तज्ज्ञांकडून तिची वैधता तपासून घ्यायची, गुजरातीत उतरवायची, दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणून ताडून पाहायची, पथदर्शी अभ्यास (लहान प्रमाणावरील पूर्वतपासणी) करायचा आणि मगच नमुना गोळा करायचा. संमतिपत्र रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत हवे. विषय मात्र ठराविक असतात : ‘नियोजित शिक्षण कार्यक्रमाची ज्ञानावरील परिणामकारकता’ या साच्यातील पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचे प्रबंध देशभर इतके झाले आहेत की त्यांतून नवे काही हाती लागणे अवघड. पदवी सर्वसाधारण असो वा विशेष, हा दोष दोहोंना लागू आहे.

परदेशी समकक्षता : अमेरिकेत नोंदणीसाठी गुणपत्रकांचे मूल्यांकन आणि एनक्लेक्स-आरएन ही परिचारिकांची परवाना परीक्षा हा मार्ग आहे. ही परीक्षा प्रवेशपातळीची असून तिच्यासाठी मूळ परिचर्या शिक्षण पाहिले जाते, एम.एस्सी. लागत नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या वडोदऱ्याच्या विद्यार्थ्याला तेथील थेट-प्रवेश पदवीचे प्रयोजन नाही, कारण ती परिचर्येबाहेरच्या पदवीधरांसाठी असते. उलट महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्याला भारतात एम.एस्सी. नर्सिंगचा दरवाजा बंदच आहे. त्याला चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगपासून आरंभ करावा लागतो.