भट्टीतली कवळी आणि हार्वर्डचं दंतमहाविद्यालय

१८४९च्या नोव्हेंबरअखेर बॉस्टनच्या पोलिसांना एका भट्टीच्या राखेत चिनी मातीचे दात सापडले. भट्टी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातली, रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेतली. आठवडाभर आधी डॉ. जॉर्ज पार्कमन नावाचे बडे जमीनदार घराबाहेर पडले होते, ते परतलेच नव्हते. वेबस्टर त्यांचे कर्जदार होते. महाविद्यालयाच्या रखवालदाराला संशय आला, त्याने भिंत फोडली आणि आत मृतदेहाचे तुकडे निघाले. पण शिर नव्हतं. मग हा देह पार्कमन यांचाच, हे ठरवायचं कसं?

ते ठरवलं दातांच्या डॉक्टरने. नेथन कूली कीप यांनी १८४६ साली पार्कमन यांना कवळी बसवून दिली होती आणि तिचे प्लास्टरचे साचे जपून ठेवले होते. पार्कमन यांची हनुवटी विलक्षण पुढे आलेली, त्यामुळे जबड्याची ठेवणही वेगळी. शिवाय बेपत्ता होण्याच्या थोडेच दिवस आधी ते तक्रार घेऊन आले होते आणि जिभेला जागा व्हावी म्हणून कीपनी कवळी आतून घासून दिली होती. राखेतले तुकडे साच्याशी जुळले. न्यायालयात हे सांगताना कीप यांना रडू कोसळलं.

त्यांच्या साक्षीतला एक मुद्दा आजही दाद देण्याजोगा आहे. चिनी मातीचे दात भट्टीतच भाजून तयार होतात, त्यामुळे नुसत्या उष्णतेने ते नष्ट होत नाहीत. पण तोंडात वापरलेल्या दातांत ओलावा मुरतो, आणि असा दात एकदम विस्तवात टाकला तर आतल्या वाफेने तडकतो. हे दात ओळखता येण्याइतके शाबूत होते. म्हणजे ते हळूहळू तापले असले पाहिजेत, आणि त्याचा अर्थ ते शिरासकटच भट्टीत गेले असावेत. वेबस्टर यांना १८५०च्या ऑगस्टमध्ये फाशी झाली. दातांवरून ओळख पटवल्याच्या सुरुवातीच्या गाजलेल्या खटल्यांत याची गणना होते.

बचाव पक्षाने कीप यांच्याविरुद्ध कोणाला उभं केलं? तोही दातांचाच डॉक्टर: विल्यम मॉर्टन. १६ ऑक्टोबर १८४६ला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रोग्याला ईथर हुंगवून शस्त्रक्रियेसाठी जाहीरपणे भूल देऊन दाखवणारा तो हाच. भुलेचा शोध दंतवैद्यांनी इतका मनावर का घेतला, हे दाढ उपटून घेतलेल्या कोणालाही सांगावं लागू नये. कीपही यात मागे नव्हते. एप्रिल १८४७मध्ये त्यांनी कवी लाँगफेलो यांच्या पत्नी फॅनी यांना बाळंतपणात ईथर दिलं. अमेरिकेत बाळंतिणीला भूल देण्याची ही पहिली नोंदलेली घटना, आणि ती देणारा दातांचा डॉक्टर!

तरीही या मंडळींना विद्यापीठाच्या दारात जागा नव्हती. दात काढणं, कवळ्या बनवणं ही कारागिरी मानली जाई. उमेदवार एखाद्या दंतवैद्याच्या हाताखाली राहून काम शिकायचा आणि दुकान थाटायचा. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी १८४०मध्ये बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं, पण ते विद्यापीठाबाहेर, स्वतंत्र. तिथल्या वैद्यकीय शाळेने त्यांना झिडकारलं म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली, अशी कथा सांगतात. तिला ठोस कागदी पुरावा नाही. कारण काहीही असो, दात एका इमारतीत आणि उरलेलं शरीर दुसऱ्या इमारतीत, ही वाटणी तिथून पक्की झाली.

कीप स्वतः हार्वर्डचे एम. डी. होते, त्यामुळे ही वाटणी त्यांना खुपत असणार. १८६५मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या दंतवैद्यांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना त्यांनी सुचवलं की हार्वर्डनेच दंतवैद्यकाची पदवी द्यावी. दोन वर्षांत, जुलै १८६७ला, विद्यापीठाने मान्यता दिली. एखाद्या विद्यापीठाचा आणि त्याच्या वैद्यकीय शाळेचा आधार मिळालेलं हे अमेरिकेतलं पहिलं दंतमहाविद्यालय. कीप त्याचे पहिले डीन झाले.

मग पदवीच्या नावावरून घोळ झाला. बाल्टिमोरकडची पदवी होती ‘डी. डी. एस.’, म्हणजे दंतशल्यचिकित्सेचा डॉक्टर. हार्वर्डच्या पदव्या मात्र लॅटिनमध्ये, आणि त्या नावाचं लॅटिन रूप तिथल्या परंपरेत बसेना. शेवटी एम. डी.च्या लॅटिन नावालाच ‘दंत’ हे विशेषण जोडून ‘डी. एम. डी.’ तयार झाली. अमेरिकेत आजही काही महाविद्यालयं डी. डी. एस. देतात, काही डी. एम. डी.; शिक्षणात फरक नाही. पण हार्वर्डच्या नावात ‘वैद्यक’ आलं, हे मला निव्वळ व्याकरण वाटत नाही.

१८६९मध्ये पहिल्या तुकडीतले सहा जण पदवीधर झाले. त्यांतले रॉबर्ट टॅनर फ्रीमन हे गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचे चिरंजीव. वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्या दंतवैद्याकडे उमेदवारी केलेल्या फ्रीमनना दोन ठिकाणी कातडीच्या रंगावरून नकार मिळाला होता. कीपनी त्यांची बाजू घेतली. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. अवघ्या चार वर्षांत, सत्ताविशीच्या आसपास ते वारले. पुढे १९६६मध्ये अमेरिकी मंत्रिमंडळात पहिल्यांदा कृष्णवर्णीय मंत्री आले, ते रॉबर्ट वीव्हर त्यांचे नातू.

१८७०च्या तुकडीतले जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट तर पुढे तिथेच शिकवू लागले आणि हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक ठरले. त्यांचा हातखंडा दुभंगलेल्या टाळूवर. टाळूला फट असली की तोंडातली हवा नाकात निसटते, बोलणं गेंगाणं होतं, पाणी नाकातून येतं. ग्रँट यांनी अशा रोग्यांसाठी फट बुजवणारी कृत्रिम टाळू तयार केली. गंमत म्हणजे जगाला ते माहीत आहेत ते वेगळ्याच कारणाने: गोल्फचा चेंडू ज्या छोट्या खुंटीवर ठेवतात, तिचं पेटंट त्यांनी १८९९मध्ये घेतलं. धंदा केला नाही. खुंट्या दोस्तांना वाटून टाकल्या.

१८८३मध्ये वैद्यकीय शाळा नव्या जागेत गेली आणि नॉर्थ ग्रोव्ह स्ट्रीटवरची तिची जुनी इमारत दंतमहाविद्यालयाला मिळाली. वेबस्टर यांची भट्टी होती तीच ही इमारत. ती जमीनही पार्कमन यांनीच दिलेली, आणि तिच्या उद्घाटनाच्या समारंभाला बोलता यावं म्हणूनच त्यांना १८४६ची ती कवळी घाईने हवी होती.

दात आणि शरीर यांची फाळणी मात्र एका पदवीने मिटली नाही. १९२६मध्ये विल्यम गाइज या जीवरसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या दंतशिक्षणाची पाहणी करून, ते विद्यापीठांतच आणि वैद्यकाच्या तोडीचं असलं पाहिजे असं बजावलं. हार्वर्डने १९४०मध्ये संस्थेच्या नावातच ‘दंतवैद्यक’ आणून अभ्यासक्रम वैद्यकाशी नव्याने जोडून घेतला. तिथले दंतविद्यार्थी अजूनही सुरुवातीला वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वर्गात बसतात.

याच बॉस्टनमध्ये, १९१४ला उघडलेल्या फोर्सिथ या मुलांच्या दंतरुग्णालयात, रफीउद्दीन अहमद नावाचा बंगाली तरुण काम करत होता. त्याची पदवी आयोवा विद्यापीठाची. मायदेशी परतून त्याने १९२०मध्ये कलकत्त्यात भारतातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं; आपल्या मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय निघायला १९३३ उजाडलं. कलकत्त्यात विद्यापीठ वा सरकार पैसे घेऊन उभं नव्हतं. तेव्हा डॉ. अहमद यांनी खर्चासाठी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान टाकलं. गोड सोडा पाजून मिळालेल्या पैशावर दंतवैद्य घडू लागले.