नाटकाची संहिता आणि सिनेमाची पटकथा

पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या संपल्या की एखाद्या गाजलेल्या एकांकिकेच्या लेखकाला कुणीतरी हमखास गाठतं. ‘‘अरे, यावर पिक्चर होतो. पटकथा करून आण.’’ पोरगा घरी जातो, संहितेची फाईल उघडतो, ‘प्रवेश पहिला’ खोडून ‘सीन १’ टाइप करतो, दिवाणखान्याच्या जोडीला बसस्टॉप आणि गच्ची घालतो. आठवड्यात पटकथा तयार. मीही हेच केलं होतं. ज्या निर्मात्याला ती दिली त्यानं पाच-सहा पानं चाळून विचारलं, ‘‘चांगलं बोलतात रे सगळे. पण दिसतं काय?’’

दोन्हींत पात्रं असतात, संवाद असतात, कंसात सूचना असतात, म्हणून घोटाळा होतो. तो कुठं होतो हे एका प्रसंगातच पाहू. ठाण्यातलं दोन खोल्यांचं घर. थोरल्या नितीननं आईचं शिलाई मशीन विकलंय. धाकटी सुमी होस्टेलवरून सुट्टीला आलीय आणि तिला हे कळतं.

रंगमंचावर पडदा उघडतो तेव्हा मशीनचा कोपरा रिकामाच आहे. पण रिकामा कोपरा बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला काही सांगत नाही. फार तर नेपथ्याला पैसे कमी पडले असं वाटेल. ते रिकामेपण नटांनी खेळून दाखवायचं असतं.

सुमी : आई, याची शिवण उसवलीय. दोन टाके मार ना.
आई : ठेव तिकडे. उद्या बघते.
सुमी : दोन मिनिटांचं तर काम आहे गं.
आई : उद्या म्हटलं ना.
(नितीन पेपरचं पान उलटतो.)
सुमी : मशीन कुठंय?

दुसऱ्या ‘उद्या’पाशी प्रेक्षागृहाला वास लागतो. नितीन नको तेव्हा पान उलटतो, तिथं खात्री पटते. शेवटच्या प्रश्नानंतर किती थांबायचं ते नट ठरवणार. आजच्या प्रयोगात तीन सेकंद, उद्या पाच. मशीन कुणी पाहिलेलंच नाही, तरी इथून पुढं ते नाटकभर रंगमंचावर उभं राहतं.

आता पटकथा.

सीन १२. आत. नितीनचं घर, बाहेरची खोली. दिवस.
सुमी बॅग ठेवायला कोपऱ्यात वाकते. थांबते.
फरशीवर चार गंजके डाग. मधली फरशी आजूबाजूपेक्षा उजळ.
भिंतीच्या कडेला निळ्या दोऱ्याची रिकामी रीळ.
सुमी वळून बघते. आई खिडकीपाशी, सुईदोरा घेऊन हातानं ब्लाउज शिवतेय.

संवाद शून्य. ‘क्लोजअप’ हा शब्दही नाही, पण एकेक ओळ एकेक चित्र आहे आणि दिग्दर्शकाला कुठं जवळ जायचं ते आपोआप कळतं. ते डाग बाल्कनीतून कधीच दिसले नसते. उलट ‘आईला महिनाभर झोप नाही’ ही सूचना संहितेत उपयोगी आहे, कारण ती वाचून नटी महिनाभर तालमीत काहीतरी शोधते. पटकथेत मात्र तिचा जीव अडतो. कॅमेऱ्यासमोर महिनाभराची झोप कशी ठेवणार? जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, ते तिथं लिहायचं नाही.

‘नाटकात बोला, सिनेमात दाखवा’ असं कार्यशाळांत शिकवतात ते मला अर्धवट वाटतं. नाटकातही दाखवायचंच असतं, फक्त ते नटाच्या अंगातून. आणि सिनेमातली माणसं मुकी नसतात.

खरा फरक कागद कोण वाचतं याचा आहे. संहिता नट वाचतात, पाठ करतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग जगतात, तेही प्रत्येक प्रयोगाला नव्यानं. पटकथा सगळ्यात बारकाईनं वाचतो तो सहायक दिग्दर्शक. ‘आत, नितीनचं घर, दिवस’ हे शीर्षक त्याच्यासाठी असतं. त्या घरातले सगळे सीन तो एकत्र काढतो, म्हणजे सीन १२ आणि सीन ५८ एकाच सकाळी. सीन ३ मध्ये मशीन जागेवर असेल तर तो सीन आधी उरकून मग मशीन उचलायचं आणि डाग पाडायचे, हे कलाविभागाला पानावरूनच कळायला हवं. ‘थोड्या वेळानं’ एवढंच लिहून मोकळं होणारा लेखक शूटिंगच्या दिवशी सगळ्यांच्या शिव्या खातो.

जागा बदलण्याचा हिशेबही उलटा. नाटकात प्रवेश बदलायचा म्हणजे ब्लॅकआउट, अंधारात खुर्च्यांची सरकासरक, रसभंगाची भीती. म्हणून लेखक हात आखडता घेतो. पटकथेत जागा बदलायला एक ओळ पुरते. एकांकिकेतून आलेला लेखक मग एक तर सगळं एकाच खोलीत कोंबतो, नाहीतर मोकळं रान मिळाल्यासारखा सुटतो : ‘रेल्वे स्टेशन, रात्र, मुसळधार पाऊस, पाचशे माणसं.’ लिहायला अर्धं मिनिट. निर्मिती व्यवस्थापकाच्या डोक्याला महिनाभर ताप.

दुरुस्त्यांची वेळही वेगळी. नाटक तालमीत बदलतं, पहिल्या काही प्रयोगांत तर फारच. हशा अपेक्षेहून दोन वाक्यं आधी आला तर लेखक पुढची दोन वाक्यं निमूट कापतो. पटकथेला ही सोय नाही. जे करायचं ते शूटिंगच्या आधी ड्राफ्टवर ड्राफ्ट काढून. नंतर कापाकापी होते ती संकलनाच्या टेबलावर, आणि तिथं लेखकाला सहसा कुणी बोलावत नाही.

आणखी एक गफलत. नाटकाच्या जाहिरातीत ‘लेखक’ एकच असतो. सिनेमाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं असतात आणि ती तिघांची असू शकतात. ‘अर्धसत्य’ (१९८३) घ्या : मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. तेंडुलकरांसारखा नाटककार, ज्याच्या संवादांची उदाहरणं आपण एकमेकांना देतो, तो इथं प्रसंगांची रचना करतोय. तेव्हा ‘लिहायला ये’ असं बोलावणं आलं तर यांतलं नेमकं कोणतं काम, हे पहिल्याच बैठकीत विचारावं.

परवानगीचं थोडक्यात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाच्या आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. बोलीत सगळे त्याला ‘सेन्सॉर’च म्हणतात आणि स्पर्धांत त्या प्रमाणपत्राची विचारणा होते. चित्रपटाचं प्रमाणपत्र १९५२ च्या कायद्याखाली मिळतं ते तयार झालेला चित्रपट पाहून. म्हणजे तिथं शब्द कागदावर तपासतात, इथं पडद्यावर.

पैशाचं आणि हक्कांचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण पोरं फसतात ती इथंच. व्यावसायिक नाटकाचा लेखक प्रयोगामागे मानधन घेतो. नाटक चाललं तर तो चालतो. पटकथेचे पैसे हप्त्यांनी येतात : करारावर सही, पहिला ड्राफ्ट, शेवटचा ड्राफ्ट. शेवटचा हप्ता ‘शूटिंग सुरू झाल्यावर’ असा लिहिलेला असेल तर तो बहुतेक विसरायचा. ड्राफ्ट हातात दिल्याच्या तारखेला बांधून घ्या. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. त्यामुळे ती अमुक तारखेला तुमच्याकडे होती याचा पुरावा राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणूनच निर्मात्याच्या छापील करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आधीच असतो.

दुसऱ्या कॉलेजला स्पर्धेसाठी आपण जे परवानगीपत्र देतो, ‘सदर एकांकिकेचे प्रयोग करण्यास माझी हरकत नाही’, ते प्रयोगांपुरतंच ठेवायचं. स्पर्धेचं नाव, वर्ष आणि प्रयोगांची संख्या त्यात स्वतःच्या हातानं लिहा. सिनेमाचा विषय निघालाच, तर त्याच पत्राखाली एक ओळ वाढवून देऊ नका. त्याला वेगळा करार लागतो.